राखणदाराची पेन्शन

हे सगळं अक्षरशः खरं आहे. रवळनाथाच्या पायरीवर हात ठेवून सांगतो, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आता मागच्या खेपेला हीच गोष्ट सांगितली तेव्हा साहेब दोन होते आणि आज तीन होणार आहेत, ते सोडा. पायरीवर हात ठेवायला मी देवळात गेलोच नव्हतो, तेही सोडा. खोटं बोलून मला मिळणार काय? खरं बोलूनसुद्धा काही मिळालं नाही, म्हणून विचारतो.

चहा घ्या. साखर कमी आहे, पण गोष्टही तशीच आहे.

तर काय झालं, माझ्या एका शब्दापायी कोकणची रेल्वे गेली. हसताय काय? तुम्ही मुंबईहून येताना एस्टीच्या खिडकीला डोकं टेकून, नाकाशी लिंबू धरून घाट उतरता ना? त्याचं कारण तुमच्यासमोर मांडी घालून बसलंय.

साल सांगत नाही. पन्नासच्या पुढचं आणि साठच्या अलीकडचं कुठलंही धरा. रेल्वेच्या बाबतीत आमच्याकडे सगळी सालं सारखीच. दर निवडणुकीला आमच्या गावात रेल्वे यायची. कुणीतरी जीपमधून उतरायचा, शाळेच्या टेबलावर चढायचा, 'तुमच्या दारात गाडी आणतो' म्हणायचा, आणि मतपेट्या गेल्या की त्यांच्या पाठोपाठ गाडीही निघून जायची. आमच्या कातळखोलची कितीतरी माणसं गाडी कशी असते हे न बघता तिची वाट बघूनच वारली.

पण त्या वर्षी खरोखर तंबू पडले. माळावरच्या करवंदीच्या जाळ्या तोडून सर्व्हेचा कँप बसला. कँपचे मुख्य अय्यर साहेब, मद्रासकडचे इंजिनिअर. त्यांना मराठी येईना आणि गावाला इंग्रजी येईना. मधे एक माणूस हवा होता.

मी तेव्हा मुंबईत एका कचेरीत टायपिस्ट होतो. बायको आणि दोन पोरं गावाला. भेट व्हायची ती गणपतीला आणि शिमग्याला. धाकटी मुलगी मला बाबा म्हणायची नाही, 'पावणो' म्हणायची. मी पायरी चढलो की आत ओरडून सांगायची, "आये, पावणो इलो." चार माणसांत हसण्यावारी न्यायचो. एकटा असलो की हसू यायचं नाही.

कँपची बातमी कळली तशी मुंबईची नोकरी सोडली, बोटीनं मालवणला उतरलो आणि अय्यर साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. दुभाषी आणि टायपिस्ट, दोन्ही कामं, पगार एकाचा, नोकरी टेंपररी. मला चालणार होतं. रोज रात्री घरी जेवायला मिळत होतं.

एक दिवस अय्यर साहेब म्हणाले, "अनंत, परदेशातले तज्ज्ञ येणार आहेत. या डोंगरातून लाइन सुरक्षित जाईल असं त्यांनी म्हटलं, तर कँप राहील आणि तू परमनंट होशील. नाही म्हटलं, तर तंबू गुंडाळायचे."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती मासे साफ करत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "परमनंट म्हणजे काय ओ?"

"म्हणजे माका परत मुंबैक जावचा लागाचा नाय."

"मगे तसा मराठीत सांगा मां," ती म्हणाली. "आणि त्या सायबांसमोर जिभेक लगाम घाला. तुमची जीभ तुमच्या आधी पळता."

तज्ज्ञ आले. तिघं. एक सतत डोंगराकडे बघायचा, एक सतत घाम पुसायचा, आणि तिसरा बोलायचा. बोलणारा बर्फाच्या देशातला, ताडामाडाएवढा उंच, आणि नाक उन्हानं सोलवटून पिकल्या रातांब्यासारखं लाल झालेलं. त्याच्या प्रत्येक वाक्यात 'सेफ्टी' हा शब्द यायचाच. गावानं संध्याकाळच्या आत त्याचं बारसं केलं, सेफ्टीसायब.

आता आमच्या गावाला सेफ्टी म्हणजे एकच वस्तू माहीत. पिन. दुसऱ्या दिवशी कँपच्या बाहेर बायकांची रांग.

"काय गो, कित्याक इलात?" मी विचारलं.

"सायब सेफ्टी पिना वाटतत मां? माका मोठ्यो व्हयेत," शेजारची काशीकाकी म्हणाली. "पोराच्या दुपट्याक."

"पिना नाय गो काकी. ते सेफ्टी शिकवतत."

"पिन लावूक शिकवतत? आमका येता ती."

तिची तरी काय चूक? सेफ्टीसायब काय शिकवायला आला होता, हे समजायला मलाच दोन दिवस लागले. रूळ कसे टाकायचे, बोगदा कसा खणायचा, हे सांगायला तो आलेला नव्हता. हे करताना आणि केल्यावर माणसं मरू नयेत म्हणून कारभार कसा ठेवायचा, ते सांगायला आला होता. धोका कुठे आहे हे आधी शोधा. त्याची जबाबदारी एका माणसावर टाका. त्या माणसाला लागेल ते सामान द्या. कामाला हात लावण्याआधी सगळ्यांना धोके मोठ्यानं सांगा आणि 'कळलं' असं त्यांच्या तोंडून वदवून घ्या. आणि जागेवरच्या माणसानं 'थांबा' म्हटलं, तर मोठ्यातल्या मोठ्या साहेबानंही थांबायचं. मोठमोठ्या देशांत असंच चालतं म्हणे. याला तो 'गुड प्रॅक्टिस' म्हणायचा.

प्रॅक्टिस हा शब्द मी वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या पाटीवर वाचलेला. इथं तो बसेना. म्हणून मी गावाला सांगितलं, "सायब म्हणतत, चांगली वहिवाट ठेवूक व्हयी."

वहिवाट म्हटल्याबरोबर आमचे तात्या गावकार, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, काठी आपटून उभे राहिले. "वहिवाट आमचीच. आमी कोर्टात जिंकलंव हत. सायबाक सांग, कागद घराक आसत."

बोलणं ऐकायला झकास होतं, यात शंका नाही. अडचण एवढीच, की आमच्या अंगणात रुळाचा वीतभर तुकडा नव्हता. ज्या गावात एस्टी फिरकत नव्हती त्या गावाला, गाडीखाली मरू नका, हे शिकवायला माणसं समुद्र ओलांडून आली होती. आम्ही मरत होतो ते वेगळ्याच गोष्टींनी. अडलेली बाई डोलीतून मालवणला नेताना वाटेतल्या व्हाळाला पाणी आलं, की डोली अलीकडेच खाली ठेवायची. त्याची गुड प्रॅक्टिस काय, हे कुणी विचारलं नाही. असो. चहा निवतोय तुमचा.

मग साहेबांना कडा बघायला नेलं. गावाच्या वरच्या अंगाला तांबड्या मातीचा आणि मोठमोठ्या धोंड्यांचा उभा कडा आहे. पावसाळ्यात तो थोडा थोडा खाली येतो. लाइन नेमकी त्याच्या पायथ्यानं जायची होती. पायथ्याशी एका जुन्या झाडाखाली शेंदूर लावलेला धोंडा, आणि त्याच्यापुढे चामड्याच्या जुन्या वहाणांचा ढीग.

सेफ्टीसायबानं मान वर करून कडा बघितला आणि मला विचारलं, "या उताराच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणावर आहे?"

बघा, प्रश्न किती सोपा. मी तात्यांना मालवणीत विचारलं, "तात्यानु, सायब इचारतत, हेची राखण कोण करता?"

झाला तो घोटाळा इथं झाला. 'राखण' हा शब्द माझ्या जिभेवरून माझ्याआधी पळाला.

तात्या म्हणाले, "कोण म्हणजे? राखणदार करता."

आणि मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं, "वॉचमन."

घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो. राखणदार हा आमच्याकडे माणूस नव्हे. गावाच्या हद्दीवर फिरणारा रक्षणकर्ता देवचार. तो दिसत नाही, पण रात्रभर फिरतो असं मानतात. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून गाव त्याला नव्या वहाणा वाहतं, शिवाय काठी, घोंगडी, आणि वर्षातून एकदा कोंबडा.

सेफ्टीसायबाचा चेहरा मात्र उजळला. "कायमचा वॉचमन आहे? तो रोज फिरतो?"

मी विचारलं. तात्या दुखावले. "रोज म्हणजे काय? एक रात चुकूक नाय."

"एकही रात्र चुकलेला नाही," मी सांगितलं.

"त्याला सामान काय दिलंय?"

"हातात काठी, खांद्यार घोंगडी, पायात व्हाणो," तात्या म्हणाले. "वरसाक नवी जोडी देतांव. जुनी पार झिजान जाता. ती बघा थंय पडली हत."

सेफ्टीसायब खाली वाकला. त्यानं ढिगातली एक वहाण उचलली, उलटी केली आणि झिजलेली टाच अय्यर साहेबांना दाखवली. "बघा. याला म्हणतात गस्त. मी कितीतरी देशांत कागदावर गस्त घालणारे बघितले आहेत. पुरावा म्हणून झिजलेल्या वहाणा जपून ठेवणारं गाव पहिल्यांदा बघतोय."

आता इथं मला कळायला हवं होतं. कळलंही. पण तेवढ्यात अय्यर साहेब हसले. कँप पडल्यापासून तो माणूस पहिल्यांदा हसत होता. माझ्या डोळ्यांसमोर परमनंट नोकरी आली आणि पायरीवर उभी असलेली धाकटी आली. मी तोंड मिटून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच जिभेला लगाम घातला, आणि घालायला नको तिथं घातला.

मग वर चढायचं ठरलं. आमच्याकडे त्या कड्यावर पाय ठेवण्याआधी गाऱ्हाणं घालावं लागतं. बाबू घाडी, गावातर्फे देवाशी बोलण्याचा मान त्याच्या घराण्याकडे, नारळ घेऊन पुढे झाला. माणसं त्याच्यामागे टोप्या काढून उभी राहिली.

"बा देवा राखणदारा म्हाराजा," बाबूनं खड्या आवाजात सुरू केलं, "आज ह्यो परदेशातलो सायब तुझ्या हद्दीत इलो हा, तेची काय चूकभूल झाली आसात, तर ती पोटात घाल रे म्हाराजा."

सगळी माणसं एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"वरसून धोंडो इलो तर तो बाजूक कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पायाखालची माती सरकली तर हात दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"झाळीतसून किरडू इला तर तेका तेची वाट दाखय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सेफ्टीसायब माझ्या कानाशी आला. "हा काय म्हणतोय?"

मी जे होतं तेच सांगितलं. "वरून दगड पडू शकतो, माती सरकू शकते, साप निघू शकतो."

"आणि ते सगळे?"

"ते होय म्हणताहेत."

त्यानं टोपीच काढली हो. घाम पुसणाऱ्याला त्यानं घाम पुसायचा थांबवला आणि बघायला लावलं. कामाआधी एकेक धोका मोठ्यानं, आणि प्रत्येक धोक्याला सगळ्यांचा एकमुखी होकार. मोठमोठ्या कंपन्यांना वर्षानुवर्षं ओरडून जमत नाही म्हणे, ते या खेड्यात नारळ हातात घेऊन चाललंय. अय्यर साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, देवा रवळनाथा, नोकरी लागली.

खाली उतरल्यावर सेफ्टीसायबाला एकच शंका उरली. "या वॉचमनचं वय काय?"

तात्या हसायला लागले. "तेचा वय? माज्या आज्याच्या आज्यान तेका बघललो."

मी साहेबांना सांगितलं, "अनुभवी आहे."

"रजा घेतो?"

"रजा खंयची? अवसेक तर तेका डबल काम."

"रजा घेत नाही," मी म्हटलं. "अमावास्येला जादा काम करतो."

सेफ्टीसायब गंभीर झाला. त्या वहाणांकडे बघून म्हणाला, "पद्धत उत्तम आहे. पण एक दोष आहे. सगळा भार एकाच म्हाताऱ्या माणसावर. हे बरं नव्हे. त्याला सन्मानानं निवृत्त करा, पेन्शन द्या, आणि त्याच्या जागी दोन तरुण पाळीपाळीनं नेमा. गावाला आत्ताच सांगा. अशा गोष्टी लोकांपासून लपवायच्या नसतात."

"टेल देम, अनंत," अय्यर साहेब म्हणाले.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? समोर अख्खं गाव. मागे दोन्ही साहेब. मी घसा साफ केला आणि शक्य तितक्या मऊ शब्दांत म्हटलं, "सायब म्हणतत, राखणदार आता दमलो. तेका आराम देवया. आणि तेच्या जागेर दोन नवे बसवया."

गाव तात्यांकडे बघायला लागलं.

मग तात्यांनी विचारलं, "बसवया? खंयसून हाडतले?"

"नेमतले सरकारातसून," मी म्हटलं.

"आणि आमचो जो आसा तेका खंय धाडतले?"

मी म्हटलं, "पेन्शनीत."

ही पेन्शन नावाची जागा कुठे आहे, यावर त्या दिवशी गावात बराच खल झाला. कुणी म्हणालं घाटावर, कुणी म्हणालं विलायतेत. दुपारपर्यंत बातमी अशी झाली की सरकार आमच्या राखणदाराला बाटलीत भरून पेन्शनीत नेणार, आणि त्याच्या जागी बोटीनं दोन गोरे राखणदार येणार. काशीकाकीनं तर त्या दोघांना कोंबडा चालतो की पाव लागतो, याची चौकशी सुरू केली.

दिवस मावळायच्या आत गावानं सर्व्हेच्या खुंट्या उपटल्या आणि व्हाळात फेकल्या.

मी धावत कँपवर गेलो. अय्यर साहेबांनी खुंट्यांची बातमी ऐकली आणि हूं की चूं केलं नाही. मला त्याचंच जास्त भय वाटलं. सेफ्टीसायबानं मात्र सविस्तर विचारलं, आणि मी सांगितलं, "वॉचमनच्या निवृत्तीवर गाव नाराज आहे."

"अच्छा, युनियन," तो मान डोलावून म्हणाला. "चूक माझी आहे. आधी त्याच्याशी बोलायला हवं होतं. उद्या सकाळी मी स्वतः वॉचमनला भेटतो."

घरी जेवताना हे सांगितलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे राखणदाराक पेन्शन गावतली," ती म्हणाली.

"व्हय."

"आणि तुमी टेंपररी."

"व्हय गो."

"मगे तेचीच वळख काडा, जमला तर." आणि तिनं माझ्या ताटात आमटी वाढली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "खरा सांगान टाका सायबाक. हसात आणि सोडून दित."

"आणि हसलो नाय तर?"

तिनं धाकटीच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं केलं.

सकाळी अख्खं गाव कड्याखाली. राखणदाराला भेटायचं तर आमच्याकडे त्याची सोय आहे. तो बाबू घाड्याच्या अंगात येतो. सेफ्टीसायब हात पुढे करून आला, आणि समोर बाबू, उघडा, कपाळभर शेंदूर, हातात वेताची काठी, थरथर कापतोय.

"तब्येत बरी दिसत नाही," साहेब हळूच म्हणाला.

"वयोमान," मी म्हटलं.

साहेबानं माफी मागितली. राखणदारानं घुमत घुमत ती घेतली. साहेबानं विचारलं, "तुमची मागणी काय?" राखणदार म्हणाला, "वरसाक एक कोंबो." साहेबाचे डोळे भरून आले. एवढ्या पगारावर गस्त घालणारा माणूस त्यानं पृथ्वीच्या पाठीवर बघितला नव्हता. मग त्यानं शेवटचा प्रश्न विचारला. लाइन या कड्याखालून गेली, तर ती सुरक्षित राहील का?

मी दोन्ही हात जोडून बाबूपुढे उभा राहिलो. "म्हाराजा, हयसून गाडी गेली तर तिका राखशील मां?"

"नाय," राखणदार म्हणाला.

"म्हाराजा, जरा इचार करून सांग. माजी दोन पोरां आसत."

"नाय म्हणजे नाय. माज्या हद्दीतसून लोखांड जावक देवचंय नाय."

त्याचं भाषांतर मला करावंच लागलं नाही. सेफ्टीसायबानं पेन्सिल खिशात घातली. म्हणाला, "जागेवरचा माणूस थांबा म्हणाला. विषय संपला." कुणी काही बोलायच्या आत तो जीपमध्ये बसला, तंबू उतरले, आणि कोकणची रेल्वे जी गेली ती आजतागायत आलेली नाही.

मी पुढच्या बोटीनं मुंबईला गेलो. तेव्हापासून सगळ्या मुलखाच्या शिव्या माझ्या नावावर. देवगडच्या एका बागायतदाराच्या हापूसच्या पेट्या बोट चुकल्यामुळे बंदरात नासल्या. त्यानं मला भर रस्त्यात गाठलं. "अंत्या, तुझी गाडी आसती तर माजो आंबो काल मुंबैत पोचलो आसतो." बांद्याच्या बाजारात एका हॉटेलवाल्यानं माझं नाव ऐकलं आणि पुढ्यात ठेवलेला चहा परत उचलला. वैभववाडीला एक अनोळखी गृहस्थ मला लांबून बोटानं दाखवत आपल्या बायकोला सांगत होते, "तोच. तोच तो."

आता यातलं खोटं कुठलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही उठायला मोकळे.

राखण हा शब्द खरा, वहाणा खऱ्या, गाऱ्हाणं खरं, खुंट्या खऱ्या. दुसऱ्या दिवसाची सकाळ खोटी. म्हणजे गाव आलं होतं. तात्या गावकार धुतलेलं धोतर नेसून आले होते, बाबू घाडी उपाशी पोटी आला होता, बायका पोरं काखेत घेऊन आल्या होत्या. सगळे उन्हात बसून राहिले. सेफ्टीसायब आलाच नाही.

दुपारी मी कँपवर गेलो. निम्मे तंबू उतरलेले. तिघं तज्ज्ञ सकाळीच पुढच्या मुक्कामाला निघून गेले होते. अय्यर साहेब ट्रंकेला दोरी बांधत होते. मी म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे, गावाची नाही. राखणदार म्हणजे वॉचमन नव्हे. खुंट्या मी स्वतः परत ठोकून देतो."

ते म्हणाले, "खुंट्यांचं काही नाही रे. कँप उठवायचं पाहुणे येण्याआधीच ठरलं होतं. त्यांना कुठलातरी कडा दाखवायचा होता. इथला डाक बंगला रिकामा होता."

"आणि लाइन?"

"कसली लाइन?"

मी पुढे माझ्या नोकरीचं विचारलं नाही. ते दोरीची गाठ आवळत होते, त्यांनीही वर बघितलं नाही.

घरी येऊन बायकोला हे जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमची चूक नाय."

"नाय."

"सायबाची?"

"तेची पण नाय."

"मगे कोणाची?"

"कोणाचीच नाय गो."

ती तशीच उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "कोणाचीच नाय, तर भांडाचा तरी कोणाशी?"

संध्याकाळी तात्या आले. अजून धुतलेल्या धोतरातच होते. अंगणातूनच विचारलं, "काय रे अंत्या, सायब कित्याक नाय इले?" आता त्या म्हाताऱ्याला काय सांगू? तुमच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं, बंगला रिकामा होता म्हणून आले? माझ्या तोंडून निघून गेलं, "तात्यानु, माका माफ करा. माज्या एका शब्दान सगळो घोळ झालो."

तात्यांनी मला अशा काही शिव्या घातल्या की आजूबाजूची माणसं जमली. मग त्यांनीही घातल्या. सगळे घरी गेले तेव्हा बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्यासारखे दिसत होते.

त्यानंतर दर गणपतीला गावी आलो की थोडं थोडं घालत गेलो. बाबूच्या अंगात राखणदार मी पुढच्या वर्षी आणला, साहेबाची माफी त्याच्या पुढच्या वर्षी. कुणी मला खोटं पाडत नाही. सर्व्हेत मी टेंपररीच होतो. रेल्वे घालवणारा म्हणून मात्र परमनंट झालो.